औषधांच्या पावतीमागे

पहिलं वर्ष नुसत्या नामांवर भागलं.
पाव, गोळी, चादर, खिडकी.
बोट दाखवायचं, नाव घ्यायचं, संपलं.
सोरियाच्या थंडीत तोंड तरी किती उघडणार माणूस.

मग एका दुपारी दोन्या कासिल्दाने
सूपचा चमचा ओठांवरून परत पाठवला.
"सोसा," म्हणाली.
मला वाटलं शिवी आहे.
तिने मिठाच्या बरणीकडे पाहिलं,
मग भिंतीवरच्या फोटोतल्या धाकट्या दिराकडे.
"तोही. सोसो."
सूप सोसा, दीर सोसो.
अळणी, दोघंही.
हसता हसता तिला ठसका लागला
आणि तिची पाठ चोळताना मला कळलं,
नाव घेतलं की वस्तू फक्त हातात येते,
कशी आहे ते सांगता आलं की भांडता येतं.

त्या दिवसापासून पावत्यांमागे लिहू लागले.
माझ्या गोल जॉर्जियन अक्षरांत उच्चार,
शेजारी तिच्या थरथरत्या हातचं खरं स्पेलिंग.
फ्लाको, हडकुळा: औषधवाला एवेलियो.
तेर्का, हट्टी: मी, असं ती म्हणते.
तेर्का, हट्टी: ती, असं मी म्हणते.
तिबिया, कोमट: दूध. (दूध इथे बाई आहे.)
कोहा, लंगडी: मेसा, म्हणजे टेबल.
"टेबल लंगडं? माणसासारखं?"
"मग! माझ्या लग्नात आलं तेव्हापासून.
नवरा पायाखाली कागदाची घडी घालायचा.
आता तू घाल."
घातली. हाताला लागली ती पावती,
तिच्यासोबत पाच-सहा विशेषणंही गेली.

आमच्या झेस्ताफोनीत शब्दांना नर-मादी नाही.
सुईण, सुतार, चंद्र, कोंबडी,
सगळ्यांना एकच "इस".
इथे खुर्चीलासुद्धा आधी विचारायचं, तू कोण गं,
मगच शेपूट लावायचं, ओ किंवा आ.
हात म्हणजे मानो. ओ-ने संपतो आणि तरी बाई.
"असं का?"
"कामं कोण करतं बघ ना," दोन्या कासिल्दा.

आणि 'आहे'सुद्धा दोन.
एस: जे असतंच. उंच, हट्टी, सोरियाची.
एस्ता: जे आत्ता आहे, मग नसेल.
दार उघडं. कॉफी गरम. बाई दमलेली.
एस लिस्ता, हुशार आहे.
एस्ता लिस्ता, तयार आहे.
"मी कुठली?"
"दोन्ही," म्हणाली. "पण एका वेळी नाही."

मार्चमधल्या एका पहाटे
मानो फ्रिया.
शेपूट बरोबर लावलं मी, मनातल्या मनात.
डॉक्टरीण आली, तरुण, केसांत बर्फ अडकलेला.
नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं.
"एस्ता मुएर्ता."

एस्ता.

चुकलं तुमचं, म्हटलं मी.
एस्ता म्हणजे बदलणारं. दार. कॉफी. दमणं.
तिने पेन खाली ठेवलं.
"नाही," हळूच म्हणाली, "असंच म्हणतात."
का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
दुपारपर्यंत मी खाटेजवळची खुर्ची हलवली नाही.
न जाणो.

पुतण्याने खोक्यांवर चिठ्ठ्या लावून घेतल्या,
नवं, जुनं, फुटकं.
टेबलापाशी येऊन विचारलं, "रोता?"
"मोडलेलं नाही," म्हटलं, "कोहा."
चौघांनी ते उचललं तेव्हा
पायाखालून घडी फरशीवर पडली.

पुढच्या सोमवारी एजन्सीतली मुलगी म्हणाली,
स्वतःचं वर्णन करा, तीन विशेषणं पुरेत.
बहुतेकजणी मायाळू सांगतात, वक्तशीर सांगतात.
मी पर्समधून घडी काढली, उलगडली.
"तेर्का," वाचलं.
तिने मान वर केली.
"सोसा नाही."
तिसरं घडीवरच फाटलं होतं.
दोन्या कासिल्दाचं अक्षर, एक शेपूट तेवढं उरलेलं,
आ.